विषय: शुक्रवारचा युथ ग्रुप, दुसरी व्हॉलंटियर आणि एसएसएन

लायब्ररीवाल्या काकू:
नमस्कार मंडळी, आपल्या मंडळाच्या लिस्टवर घाईत लिहितेय. आमच्या चर्चच्या मिडल स्कूल ग्रुपला, म्हणजे सहावी ते आठवी, मुलींच्या गटासाठी दुसरी बाई तातडीने हवी आहे. आधीची मूव्ह झाली ते तुम्हाला माहीतच आहे. खोलीत कायम दोन मोठी माणसं लागतात आणि ती एकमेकांच्या नात्यातली चालत नाहीत, त्यामुळे आमच्या ह्यांना बसवून भागत नाही. आपल्यातलीच एक जण तयार आहे, मुलींना तिचा लळा आहे, पण ती एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, एसएसएन (अमेरिकेतला सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, आणि बॅकग्राउंड चेकचा ऑनलाइन फॉर्म त्या चौकटीपुढे सरकतच नाही. कोणी यातून गेलंय का?

आयटीवाले दादा:
काकू, त्या चौकटीत आयटीआयएन टाकू नका, तो टॅक्सपुरता असतो, आणि कुठलेतरी नऊ आकडे तर मुळीच नकोत. चर्चच्या ऑफिसला चेक करणाऱ्या कंपनीला फोन करायला सांगा, नाव, जन्मतारीख आणि राहिलेले पत्ते यावरून कोर्टाचे रेकॉर्ड शोधता येतात. काही राज्यांत बोटांच्या ठशांचा मार्ग असतो. एच-फोरवर बिनपगारी सेवा चालते, पण एरवी जिथे पगारी माणूस ठेवतात ते काम नको आणि मानधन नको, थोडंसुद्धा. शंका असेल तर वकिलाला एकदा विचारून घ्या.

नाट्यविभाग:
शुक्रवारी तालीम असते हे परत एकदा सांगते. आधीच माणसं नाहीत. शिवाय चर्चसाठी माणसं गोळा करायला मंडळाची लिस्ट वापरावी का? उद्या सगळेच आपापल्या धर्माचं टाकायला लागतील.

खुर्च्यावाले काका:
प्रचार कुठे आला यात? मुलांजवळ बसायला माणूस मागितलाय. अख्खं बायबल मराठीत आणायला पंडिता रमाबाई आयुष्याच्या शेवटापर्यंत खपल्या, त्या 1922 साली गेल्या आणि ते छापून आलं 1924 ला. रेव्हरंड टिळकांची भजनं आम्ही घरात आजही म्हणतो. आम्ही मराठीच आहोत हो. मंडळाच्या कार्यक्रमाला मी खुर्च्या लावतो तेव्हा कोणी धर्म विचारत नाही, तसंच इथे असू दे एवढंच म्हणणं आहे.

सातवीतल्याची आई:
काका, अगदी बरोबर. मी ख्रिस्ती नाही, तरी तिथे चेक-इनच्या टेबलावर असते. धडा घ्यायला त्यांना श्रद्धेतलं माणूस लागतं आणि ते योग्यच आहे, पण नावं लिहून घेणं, ॲलर्जीचे फॉर्म बघणं, एपिपेन, म्हणजे ॲलर्जीचं तातडीचं इंजेक्शन, कोणाच्या बॅगेत आहे ते लक्षात ठेवणं याला कोणीही चालतं. एक मुलगा यायचा, हूड डोक्यावर, कोणाशी बोलायचा नाही. एकदा गागा बॉलचा खेळ संपल्यावर माझ्या टेबलापाशी खाली बसला, कार्पेटचा धागा ओढत राहिला, आणि एकदम म्हणाला, माझी आजी चर्चला येत नाही, मग ती मेल्यावर कुठे जाणार? मी काही सांगायला गेले नाही. त्याच्या लीडरला बोलावलं, तो तिथेच जमिनीवर बसला आणि आधी आजीबद्दलच विचारत राहिला, ती काय करते, तुझ्याशी काय बोलते. पोराने हूड काढलं. ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट फार महत्त्वाची सांगतात: मूल काही सांगायला लागलं की "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण घरी त्याला कोणी इजा करत असेल तर ते कळवावंच लागतं. नव्या बाईंना हे आधी सांगा, फॉर्म नंतर.

आयटीवाले दादा:
आणि ने-आण? एकट्याने एका मुलाला गाडीतून सोडायचं नाही, उशीर झाला तरी. बारा वर्षांपर्यंतची मुलं मागच्या सीटवर, म्हणजे सहावीची जवळजवळ सगळीच आली. रिट्रीटला, म्हणजे चर्चच्या शिबिराला, पंधरा सीटची व्हॅन भाड्याने घेणार असाल तर नका घेऊ, पूर्ण भरली की ती उलटण्याचा धोका वाढतो.

लायब्ररीवाल्या काकू:
रिट्रीटचं नंतर बघू, तिथे पालकच गाड्या आणतात. ऑफिसने कंपनीला फोन केला, एसएसएनशिवाय कागदी फॉर्म आहे, पण वेळ लागेल. निकाल येईपर्यंत ती मुलींबरोबर बसणार नाही, ती आपल्यातली असली तरी नाही. तोवर मुलं आणि मुली एकाच हॉलमध्ये दोन कोपऱ्यांत बसवतो, म्हणजे मुलांचा लीडर आणि मी असे दोघं होतो.

नाट्यविभाग:
कुठला हॉल?? शुक्रवारचा चर्चचा मोठा हॉल मंडळाने नाटकाच्या तालमीसाठी घेतलाय.

लायब्ररीवाल्या काकू:
हो, तोच. बाकीच्या खोल्यांची दारं बंद होतात आणि आतलं बाहेरून दिसत नाही. हॉलला काचा आहेत, म्हणून तोच हवा.

नाट्यविभाग:
तासभर असेल तर ठीक आहे. आम्ही वाचन खालच्या खोलीत करू, उभ्याची तालीम तुम्ही गेल्यावर. पण खुर्च्या होत्या तशा लावून जा.

खुर्च्यावाले काका:
खुर्च्या माझ्याकडे लागल्या. आणि मुलांच्या गटालाही एक जास्तीचा पुरुष हवाच असेल तर माझं चेक आधीच झालंय, या शुक्रवारपासून येतो.