सुप्याच्या माळावरचा पिवळा लांडगा, कुत्र्याचा क्रॉस असेल का?

माळभटक्या:
मागच्या रविवारी पहाटे सुप्याच्या पुढं माळावर पक्षी बघायला गेलो होतो तर तीन लांडगे दिसले, दोन नेहमीसारखे आणि तिसरा एकदम फिकट पिवळा, शेपूट पण जरा वर वळलेली वाटली. सोबतचा मित्र म्हणाला हा कुत्र्याचा क्रॉस आहे, असल्यांना उचलून बाजूला केलं पाहिजे नाहीतर लांडग्याची जात नासते. मला काय ते पटलं नाही, पण उलट बोलायला माहिती पण नव्हती. नुसत्या रंगावरून कळतं का हो? आणि लांडगे कमी झालेत म्हणतात तर बाहेरून आणून सोडले तर? तसं कुठं केलंय का कुणी?

दोन_आणे_लांडगा:
रंगावर जाऊ नका. पहिल्या पिढीतलं पिल्लू आठ आणे कुत्रं असतं, ते परत लांडग्याशी जुळलं की त्याची पिल्लं चार आणे, मग दोन आणे, तिथपर्यंत आलं की दिसायला पक्का लांडगाच, तुम्ही आम्ही काय ओळखणार. अमेरिकेत यलोस्टोन नॅशनल पार्कला जवळपास निम्मे लांडगे काळे आहेत, तो काळा रंगच मुळात हजारो वर्षांपूर्वी कुत्र्यांकडून आलेला निघाला. म्हणून त्यांना काय कुणी क्रॉस म्हणून पिंजऱ्यात घालत नाही.

आणि डीएनए म्हणजे पण कुठलीही टेस्ट चालत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. आई लांडगा आणि बाप गावातला मोत्या असेल तर त्या टेस्टमधे पिल्लू शंभर टक्के लांडगा येणार 😄 त्यामुळे पूर्ण जीनोम, म्हणजे आईबापाकडून आलेला सगळा डीएनए बघावा लागतो. आपल्या पुण्याजवळच्या माळावरच्या एका प्राण्याचं असंच झालं, द ग्रासलँड्स ट्रस्ट ही संस्था आणि एट्री, एनसीबीएस या बंगळूरच्या संशोधन संस्थांच्या लोकांनी जीनोम वाचून तो लांडगा-कुत्रा संकर असल्याचं दाखवलं, पेपर २०२३ला आला, भारतातला पहिला पक्का पुरावा. म्हणजे तुमच्या मित्राची शंका अगदीच हवेतली नाही, उपाय मात्र चुकीचा.

काळजी एवढ्यासाठी की आपला लांडगा साधा नाही. २०२१च्या जीनोम अभ्यासात भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या सगळ्यात जुन्या वंशांपैकी निघाला. देशात जेमतेम ३,००० च्या आसपास आहेत, वाघांपेक्षा कमी, आणि कुत्री किती हे मोजायलाच नको.

बर्फावरचा_पाहुणा:
बाहेरून आणण्याचं उत्तर आयल रॉयलमधे आहे. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या मोठ्या तळ्यातलं बेट, १९४०च्या दशकाच्या शेवटी गोठलेल्या पाण्यावरून काही लांडगे चालत आले आणि तिथंच राहिले. १९८०ला ५० होते, मग कुत्र्यांचा पार्व्हो रोग पोचला आणि दोन वर्षांत १४. त्यानंतर आपापसातच जुळत गेले, मणक्यात जन्मजात दोष दिसायला लागले.

१९९७ला बर्फावरून एक नर आला, कॅनडाकडून. एकटा! नव्या रक्ताचा आधी फायदाच झाला, पण गडी इतका जोरात की अडीच पिढ्यांत बेटावरचा प्रत्येक लांडगा त्याचा वंशज, आणि जोडीदारीण मेल्यावर त्यानं स्वतःच्याच मुलीशी जोडी केली. मग परत तेच. २०१६ला दोनच उरले, बाप आणि लेक, आणि दोघांची आई एकच म्हणून ते भावंडं पण. शेवटी २०१८-१९मधे १९ लांडगे बाहेरून आणून सोडावे लागले.

पण ते बेट आहे. आपल्या माळावर लांडगा स्वतः पन्नास-शंभर किलोमीटर चालून नवीन जोडीदार शोधू शकतो, मधे रस्ता, कंपाउंड, प्लॉटिंग आलं नाही तर. आपण माळाला पडीक जमीन लिहितो आणि वर झाडं लावतो. माळ जोडलेले ठेवले तर बाहेरून आणायची गरजच नाही, ट्रकमधनं लांडगे आणणं हा सगळ्यात शेवटचा उपाय.

मेंढरामागं:
आमची मेंढरं आहेत म्हणून सांगतो. कळप शाबूत असला तर लांडगा कुत्र्याला जवळ येऊ देत न्हाई, फाडतो. कुणी बिळात धूर केला, पिल्लं मारली, एखादा गाडीखाली गेला की मागं एकटा राहतो त्याला जोडीदार मिळत न्हाई, मग तो कुत्रीमागं जातो. आणि पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या माळावर टाकतात तिथं दोघंबी रोज रात्री एका ताटात. आधी ते बंद करा म्हणावं, जीन नंतर बघा.

दोन_आणे_लांडगा:
@मेंढरामागं दादा, एकदम बरोबर, आणि त्याच ढिगावरून रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा रोग) पण कुत्र्यांकडून लांडग्यांत जातो. गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस हेच सगळ्यात स्वस्त संवर्धन आहे. बाकी पकडापकडीच्या फंदात कुणी पडू नका, लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमधे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि बघून ओळखायला गेलात तर अस्सल लांडगेच उचलाल.

माळभटक्या:
धन्यवाद सगळ्यांना. मित्राला लिंक पाठवली, तो म्हणतो शेपूट वळलेली होतीच 🙄 फोटो आणि जागा वनखात्याला देतो, इथं लोकेशन टाकत नाही. आणि दादा, तो कोंबड्यांचा ढीग आम्ही पण बघितला, त्याची तक्रार ग्रामपंचायतीत करायची की आणि कुठं?

मेंढरामागं:
ग्रामपंचायतीतच करा, पण सरपंचाचीच पोल्ट्री न्हाई ना ते आधी बघा.