शाळेच्या संगीतासाठी लाखभर रुपये जमलेत, कशावर घालावेत?

कोयनाकाठ:
आमची गावातली अनुदानित माध्यमिक शाळा. संगीताचे सर निवृत्त झाले, जागा भरलीच नाही. आता माजी विद्यार्थ्यांनी एक लाख जमवलेत. संस्थाचालक म्हणतात कीबोर्ड आणि साउंड सिस्टीम घेऊ, स्नेहसंमेलनालाही होईल. मी शिक्षक-पालक संघात आहे. पटत नाही, पण बैठकीत मांडू काय?

पेटीमास्तर:
साउंड सिस्टीम सत्कारांची होणार, संगीताची नाही. जन्मभर शाळेत शिकवलंय, म्हणून सांगतो. आधी कपाट उघडा. जुनी पेटी (हार्मोनियम) निघेलच. भाता फाटलेला, एखाददुसरा सूर दाबला की वर न येणारा. तबल्याची पुडी (वरचं कातडं) सर्द होऊन बद्द वाजत असेल. भाता नवा, पुडी नवी, की साहित्य झालं.

बाकी पैसा माणसावर घाला. आठवड्याला चार तासिका, तासिकेला ३०० रुपये, वर्षाचे ३५ आठवडे: ४२,००० झाले. दोन वर्षांचे ८४,०००, वर १६,००० दुरुस्तीला. गावच्या भजनी मंडळात संगीताची विशारद परीक्षा झालेलं कुणी ना कुणी असतंच, त्याला विचारा.

गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली ती संस्थानिकाच्या नाही, लोकांच्या पैशावर. पुढे मुंबईत इमारतीचं कर्ज झालं आणि ती इमारत हातची गेली. शिष्य मात्र होते, म्हणून त्यांचं काम पुढे चाललं.

कोयनाकाठ:
हिशेब पटला. पण दोन वर्षांनी काय? सरकारकडून काही मिळतं का?

फळाखडू:
शिक्षणहक्क कायद्यात आहे: सहावी ते आठवीला १०० च्या वर मुलं असली तर कला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिकवणारे) हवेत. पण कला म्हटलं की चित्रकलेवर भागवतात. वेतनेतर अनुदानाकडे (पगार सोडून इतर खर्चाला मिळणाऱ्या) बघू नका, ते वीजबिलातच संपतं. (आमच्याकडे तर तेही वेळेवर येत नाही.)

शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा पास झालेल्यांना दहावीला वाढीव गुण आहेत, ते पालकांना सांगा. वर्गणी आपोआप निघते.

पेटीमास्तर:
गुणांसाठी आलेली पोरं प्रवेशिका परीक्षा झाली की पेटीला हात लावत नाहीत, पण चालेल, येऊ द्यात. ज्यांना परीक्षेची फी जड जाते त्यांची त्या १६,००० मधून भरा.

आणि एक, रक्कम शाळेच्या सर्वसाधारण खात्यात जाऊ देऊ नका. ठराव करून वेगळी नोंद ठेवा, तासिकांच्या वहीवर मुख्याध्यापकांची सही घ्या. नाहीतर मार्चमध्ये त्याच पैशातून कुंपणाची भिंत उभी राहते.