हिरवा पडदा काढल्यावर केसांभोवती हिरवी किनार का राहते?

आउटफोकस:
व्याख्यानांचे व्हिडिओ. १० बाय १० फुटांचं हिरवं कापड, वक्ता त्याच्यापुढे साधारण ३ फुटांवर. एक एलईडी पडद्यावर, एक वक्त्यावर. मिररलेस कॅमेरा, फोरके, २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ १६००. आफ्टर इफेक्ट्समध्ये कीलाइट (पडद्याचा रंग पारदर्शक करणारा इफेक्ट) लावलं की केसांभोवती हिरवी किनार उरते. ती घालवायला क्लिप ब्लॅक (ज्याखालचं सगळं पूर्ण पारदर्शक होतं ती मर्यादा) चढवला तर बटा तुटतात, डोक्यावर टोप चढवल्यासारखं दिसतं. शिवाय पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सतत काहीतरी वळवळत असतं. नेमकं कुठलं सेटिंग चुकतंय?

काळीपांढरीमॅट:
सेटिंगच्या आधी मांडणी चुकली आहे. ३ फूट म्हणजे वक्ता पडद्याला चिकटूनच उभा आहे. पडद्यावरचा प्रकाश हिरवा होऊन त्याच्या खांद्यांवर, कानांवर, केसांवर परत येतो. किमान ६ ते ८ फूट ठेवा. एवढ्या अंतरावर वक्त्याची सावली पडद्यावर पडत नाही, आणि पडदा फोकसबाहेर गेल्याने बारीक सुरकुत्याही विरघळतात. कापड तरीही ताणूनच लावा, मोठा झोळ राहिला तर तो काही विरघळत नाही.

कोपऱ्यातली वळवळ म्हणजे नॉइज, चित्रातले दाणे. तिथे उजेड कमी आणि वर आयएसओ १६००. तोच पिक्सेल एका फ्रेममध्ये 'हिरवा' ठरतो, पुढच्या फ्रेममध्ये ठरत नाही. पडद्याला दोन दिवे हवेत, दोन्ही बाजूंनी. डाव्या दिव्याचं तोंड पडद्याच्या उजव्या कडेकडे, उजव्याचं डाव्या कडेकडे. म्हणजे जवळची कड भगभगीत आणि लांबची काळपट असं होत नाही. वेव्हफॉर्म (उजळपणाचा आलेख) लावून बघा: पडद्याची रेषा बारीक आणि आडवी हवी, साधारण ४० ते ५० टक्क्यांवर. 'जास्त उजेड म्हणजे चांगली की' हा समज सोडा ('की' म्हणजे पडद्याचा रंग ओळखून तो भाग पारदर्शक करणं). पडदा जास्त उजळला की हिरवा फिका पडतो आणि वक्त्यावर परतणारा हिरवा उजेडही वाढतो.

बारीककड:
वरचं सगळं पुढच्या शूटसाठी. हातात असलेल्या फुटेजचं असं करा.

आधी वक्त्याभोवती ढोबळ मास्क काढा, हात फिरतात तेवढी जागा सोडून. कोपरे बाहेर गेले की वळवळही बरीचशी गेली. जो भाग कापूनच टाकायचा तो की करत बसू नका. मग स्क्रीन कलर डोक्याशेजारच्या हिरव्यावरून उचला, कोपऱ्यातून नाही. व्ह्यू 'स्क्रीन मॅट'वर ठेवा (मॅट म्हणजे काय दिसणार आणि काय नाही याचा काळा-पांढरा नकाशा). मागची जागा काळी, माणूस पांढरा, केस राखाडी दिसायला हवेत. हा राखाडी म्हणजेच केस! क्लिप ब्लॅक चढवता तेव्हा तोच काळा होतो, म्हणून टोप दिसतो. क्लिप ब्लॅक १० ते १५, क्लिप व्हाइट (ज्यावरचं सगळं पूर्ण अपारदर्शक होतं ती मर्यादा) ८५ ते ९०, त्यापलीकडे शक्यतो जाऊ नका.

तेवढ्याने चेहऱ्यात भोकं राहत असतील तर लेयरची प्रत करा. वरच्या प्रतीवर कडक की लावून मॅट काही पिक्सेल आत ओढा, खालच्या प्रतीवर मऊ की. शरीर वरून मिळतं, केस खालून.

आता किनार. ती की वाढवून जात नाही, कारण ते पिक्सेल माणसाचेच आहेत, फक्त रंगलेले. स्पिल सप्रेशनचा (माणसावर परतलेला हिरवा काढण्याचा) एक साधा हिशेब असा: हिरवा हा लाल-निळ्याच्या सरासरीच्या वर गेला तर त्याला सरासरीवर आणायचा. केसाचा पिक्सेल लाल १२०, हिरवा १५०, निळा ९० असेल तर सरासरी १०५, म्हणून हिरवा १०५. रंग तपकिरी होतो. पण रेक. ७०९ (एचडी व्हिडिओच्या रंगांचं मानक) मध्ये उजळपणाचा ७१.५ टक्के वाटा हिरव्याचा, त्यामुळे हाच पिक्सेल १३९ वरून १०७ वर उतरतो. कडा मळकट वाटल्या तर कारण हे. तिथे उजळपणा थोडा परत चढवा. कीलाइटचा व्ह्यू 'इंटरमीडिएट रिझल्ट'वर असेल तर त्यात स्पिल काढला जात नाही, पुढे 'ॲडव्हान्स्ड स्पिल सप्रेसर' वेगळा लावावा लागतो.

आउटफोकस:
मास्क आणि दोन लेयरनी बराच फरक पडला. कडा अजून पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. निळा पडदा घेऊन बघावा का?

काळीपांढरीमॅट:
निळ्याने पायऱ्या जाणार नाहीत. ४:२:० रेकॉर्डिंगमध्ये २ बाय २ अशा चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद असते, आणि की तर रंगावरच चालते. कॅमेऱ्याच्या बायर सेन्सरवर (लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जाळी) हिरव्याचे ठिपके निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणजे निळ्यात नॉइज उलट जास्तच. कपडे हिरवे असतील तरच निळा घ्या.

व्हिडिओ शेवटी १०८० मध्येच द्यायचा असेल तर फोरके फुटेज आधी १०८० ला उतरवा, मग की करा. फोरके ४:२:० मध्ये रंगाच्या नोंदी १९२० बाय १०८० असतात, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला आपापला रंग मिळतो. आणि कॅमेऱ्यातलं शार्पनिंग शून्यावर आणा. ते कडेला जी पांढरी-काळी रेघ ओढतं ती कुठल्याच कीअरने निघत नाही.

आउटफोकस:
कड सुधारली. पण एमपी४ काढलं की मागे काळं येतं.

बारीककड:
नेहमीच्या एच.२६४ एमपी४ मध्ये अल्फा (पारदर्शकतेची नोंद) नसतो. प्रोरेस ४४४४ काढा आणि चॅनल्समध्ये 'आरजीबी + अल्फा' निवडा. प्रोरेस ४२२ मध्येही अल्फा नाही, नावाने फसू नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर कडेला बारीक काळी रेघ आली तर की बिघडलेली नाही. फाइल प्रीमल्टिप्लाइड आहे (कडेच्या रंगात मागचा काळा आधीच मिसळलेला) आणि तिथे ती स्ट्रेट (न मिसळलेली) म्हणून वाचली जाते आहे.