वाळूच्या टेकाडावर झुडपे आहेत, मग शेजारच्या चिकणमातीत का नाहीत?

तापीकाठ :
नमस्कार मंडळी. आमची शेती तापीकाठच्या काळ्या जमिनीत आहे, त्यामुळे भारी माती ओल धरते आणि वाळू पाणी गिळून टाकते, हेच लहानपणापासून ऐकत आलो. गेल्या हिवाळ्यात जैसलमेरकडे जाणे झाले, तेव्हा मात्र उलटे दिसले. वाळूच्या टेकाडावर फोगाची झुडपे आणि सेवण गवत तग धरून होते. वरची कोरडी वाळू हाताने सारली तर वीत-दीड वीत खाली ती ओलसर लागली. शेजारच्या चिकणमातीच्या सपाट जमिनीत फारसे काहीच उगवलेले नव्हते. वर्षाला सरासरी २०० मिलीमीटरही पाऊस न पडणाऱ्या भागात हे कसे घडते? ही झाडे भूजलावर जगतात का?

माती_अभ्यास :
आपण ऐकत आलात ते आपल्याकडे खरेच आहे, कारण जळगावकडे साधारण ७०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि खोल काळी जमीन तो साठवू शकते. पाऊस फारच कमी असला की हिशेब बदलतो. १० मिलीमीटरची एक सर कोरड्या वाळूत ढोबळमानाने १० सेंटीमीटर खोल उतरते, तर भारी चिकणमातीत तीन-चार सेंटीमीटरवरच अडते आणि दोन-तीन दिवसांच्या उन्हात उडून जाते. वाळूचा वरचा थर वाळला की खालची ओल वर खेचली जाण्याचा मार्गच तुटतो, म्हणून आपल्या हाताला ती ओल लागली. भारी जमिनीला त्यातच भेगा पडतात आणि भेगांच्या कडांमधूनही पाणी उडते. फोग आडवी, लांबवर मुळे पसरून हीच ओल गोळा करतो. टेकाडाची वाऱ्याकडची बाजू उडाली की ती मुळे उघडी पडलेली दिसतात.

भूजल :
वरील उत्तराला पुस्ती जोडतो. थरच्या वाळवंटात भूजल पुष्कळ ठिकाणी अनेक मीटर खोल आहे, त्यामुळे गवते आणि बहुतेक झुडपे त्यावर अवलंबून नसतात. खेजडीची, म्हणजे आपल्या सौंदडाची, मुळे फार खोल जातात, पण पाणी जवळ नसेल तिथे तीही खालच्या थरांत साठलेल्या ओलीवर बराच काळ निभावते. भूजल उथळ असले की झाडांना लाभ होतोच असेही नाही. बारीक मातीत पाणी केशाकर्षणाने, म्हणजे कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून आपोआप वर ओढले जाऊन, मीटर-दीड मीटर, क्वचित त्याहून वर चढते आणि पृष्ठभागावर क्षार सोडून जाते. भरड वाळूत ते काही सेंटीमीटरच चढते. म्हणूनच राजस्थानातल्या पचपदऱ्यासारख्या खाऱ्या खोलगटांच्या कडेला पीलू आणि क्षार सोसणारी मांसल पानांची झुडपे टिकतात, तर जवळच्याच टेकाडावर वेगळेच जग असते. जिथे जमिनीखाली चुनखडीचा कठीण थर आहे, तिथे मुळांना तो भेदता येतो की नाही, यावर पुढचे सगळे ठरते.

तापीकाठ :
आभारी आहे. मग खानदेशात, नदीकाठच्या वाळूमिश्रित पट्ट्यात सौंदड लावावे का?

सातपुडा_पायथा :
थर वाळवंटाचा नियम इथे जसाच्या तसा लागू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि भरड वाळू यांचा जाड थर आहे. ओढ्याचे पाणी त्यात झिरपून खोल जाते, म्हणून ते भूजलाच्या पुनर्भरणाला उत्तम, पण नवीन रोपाला कठीण. इथे आमचा अंजन वृक्ष शिकवतो : त्याचे रोप वर फार वाढण्याआधी मूळ खोल नेते आणि खडकाच्या फटींतून वाट काढते. मुरमाड माळावर कुसळी, तर खोल काळ्या जमिनीत मारवेल आणि कुंदा ही गवते, हा फरकही मातीनेच घडवलेला आहे.

सौंदड अवश्य लावा, पण आधी उन्हाळ्यात, पाणी सर्वांत खोल गेलेले असताना, दीड-दोन मीटरचा खड्डा घेऊन वाळूखाली चोपण (क्षारांमुळे घट्ट झालेली, पाणी न मुरू देणारी माती) किंवा चुनखडीचा थर आहे का ते पाहा आणि विहिरीच्या पाण्याची क्षारता तपासून घ्या. पाणी खारे निघाले तर पहिली दोन वर्षे रोपाला दुसरीकडून गोडे पाणी द्यावे लागेल, कारण मूळ खोल जाईपर्यंत ते वरच्याच ओलीवर जगते.