कट्ट्यावर कूलर विकावा का?

वाळ्याची ताटी

राजे हो, घरातला वाद इथं आणून ठेवतो. निकाल तुम्ही लावा.

आमचं लोखंडी कूलर बनवायचं काम, वडिलांच्या वेळेपासूनचं. दुकान नागपूरच्या इतवारीत. चार महिने धंदा आणि आठ महिने त्या चार महिन्यांच्या गोष्टी. मागच्या वर्षी पोरानं वेबसाइट काढली. कूलरची मापं, किमती, पंप बंद पडला तर काय पाहायचं, ताट्या कधी बदलायच्या, सगळं आहे तिच्यावर. साइट चांगली झाली, हे मी मानतो. पण नुसत्या साइटवर कोण येते? तर पोरगा काय करते, जेवढे म्हणून ग्रुप आहेत तेवढ्यांवर रोज सकाळी तिची लिंक टाकते. सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या जुन्या दोस्तांचा, खवय्यांचा. परवा एका ग्रुपवर कोणाचे तरी आजोबा गेल्याचा निरोप आला, आणि लगेच त्याच्या खाली आमचा तीन फुटी कूलर, 'थंडगार ऑफर' सकट. ॲडमिननं काढून टाकला. बरं केलं. लाज मला वाटली, पोराला नाही.

माझं मत सरळ आहे. सोशल मीडिया माणसांनी माणसांशी बोलायसाठी आहे. आपली मारबत पाहा न. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे मिरवत निघतात, सोबत बडगे, तेही पुतळेच. बडग्यांच्या गळ्यात पाट्या असतात, महागाईच्या, भ्रष्टाचाराच्या, कोणता पुढारी काय करून राहिला त्याच्या. अख्खं शहर वाचते, हसते, शिव्या घालते. फेसबुक २००४ साली आलं. नागपूरचं फेसबुक त्याच्या शंभर वर्षं आधीपासून रस्त्यावर आहे. आता सांगा, बडग्याच्या गळ्यात कोणी कूलरची जाहिरात अडकवते का?

पोरगा म्हणते, 'बाबा, आता बाजारच तिथं भरतो.' मी म्हणतो, साइट नीट ठेव, गूगलच्या नकाशावर दुकान नीट लाव, ज्याला कूलर पाहिजे तो शोधत येते. तुमचं काय म्हणणं?

बर्डीवाला

बडग्याच्या गळ्यात नसेल, पण मिरवणुकीच्या रस्त्यावर फुगे, पिपाण्या, भेळ कोण विकते? मारबत पाहायला जाता का नुसत्या पाट्या वाचायला?

कुरडई आणि सांडगे

काका, तुमचं इतवारीत दुकान आहे म्हणून तुम्हाला हे बोलणं परवडतं.

मी मानेवाड्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. दाराबाहेर पाटी लावली तर सोसायटीची नोटीस येते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिस्टरांचा पगार अर्ध्यावर आला होता. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो सहज स्टेटसला टाकला. किंमत लिहिली नव्हती, विकायचं असंही ठरलं नव्हतं. रात्रीपर्यंत अकरा जणींनी विचारलं, 'जास्तीच्या आहेत का गं?' तिथून धंदा सुरू झाला. माझी वेबसाइट नाही, दुकान नाही, कार्डसुद्धा मागच्या वर्षी छापलं.

आणि बोलणं वेगळं, विकणं वेगळं, ही वाटणी पुरुषांनी केलेली आहे. हळदीकुंकवाला गेलं की साडी कुठून घेतली, ब्लाउज कोणी शिवला याची चौकशी होतेच. एखादी पिशवीतून अगरबत्तीचे पुडे काढते, कोणाला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते ती आल्या आल्या पुडे काढते आणि कुंकू लावून घ्यायलाही थांबत नाही तेव्हा. तुमच्या पोरानं कूलर विकला यात काही चूक नाही. कोणाच्या मयतीच्या निरोपाखाली विकला, ही चूक.

वाळ्याची ताटी

ताई, हळदीकुंकवाचं पटलं. पण कुरडई घरात दर महिन्याला लागते. माझा कूलर घेतलेला माणूस सात-आठ वर्षं तोंड दाखवत नाही. त्याला रोज स्टेटस दाखवून मी काय करू?

नंदनवनचा रीलवाला

काकाजी, लिंक टाकणं बंद करा आणि रील काढा. वेल्डिंगच्या ठिणग्या, ताटीत वाळा भरणारे हात, पहिल्यांदा पाणी सुटते तो आवाज. लोकांना बालपण आठवते. मी एका फर्निचरवाल्याचं काम केलं, लाखाच्या वर लोकांनी पाहिलं. वेबसाइट उघडून वाचत बसायला आता टाइम कोणाले आहे?

वाळ्याची ताटी

ठिणग्यांची रील पोरानं मागच्या एप्रिलमध्येच केली. ऐंशी हजार लोकांनी पाहिली. आता पुढचं ऐका.

अर्ध्याहून जास्त विचारणा मुंबई, ठाणे, कोलकात्याच्या. कूलरमध्ये ताटीतलं पाणी हवेत उडते आणि उडता उडता हवेतली उष्णता घेऊन जाते, म्हणून हवा गार होते. त्यासाठी हवा कोरडी लागते. आपल्याकडं नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, हवा अशी भाजलेली असते की ओल्या ताटीतून आली की जीव थंड होते. मुंबईच्या दमट हवेत पाणी फारसं उडतच नाही, खोलीत नुसती चिकचिक. त्या लोकांना कूलर विकणं म्हणजे फसवणं झालं. आठ दिवस पोरगा एकेकाला लिहीत बसला, 'तुमच्या गावात कूलर घेऊ नका.' ऐंशी हजारांतून कूलर गेले चार. त्यातला एक माझ्या साडूकडं.

नंदनवनचा रीलवाला

फुकटात चार गेले न पण.

वाळ्याची ताटी

पोराचे आठ दिवस फुकटचे?

परसोडी आयटी पार्क

मी साइट बनवण्याचंच काम करते, त्यामुळे माझा कल कुठं असेल ते ओळखून पुढचं वाचा.

इथं सगळ्यांनी धरून चाललंय की लिंक टाकली म्हणजे साइटला काहीतरी मिळतं. बऱ्याचदा काहीच मिळत नाही. इन्स्टाग्रामवर फोटोखाली लिहिलेली लिंक दाबलीच जात नाही. ती प्रोफाइलमध्ये द्यावी लागते, तिथं २०२३ पासून पाच देता येतात. तरी लोक रोज फोटोखाली अख्खा पत्ता लिहितात. दुसरा समज असा की शंभर ग्रुपवर लिंक टाकली की गूगलमध्ये आपण वर येतो. पूर्वी लोक दुसऱ्यांच्या लेखांखाली अशाच लिंक चिकटवत सुटले होते, म्हणून २००५ मध्ये 'नोफॉलो' ही खूण आली. ती लावलेली लिंक म्हणजे शिफारस समजू नका, असा त्याचा अर्थ. मोठ्या सोशल मीडिया साइट बाहेर जाणाऱ्या लिंकना ती लावतात. म्हणजे काकांच्या पोराची रोज सकाळची मेहनत गूगलच्या हिशेबात जवळपास शून्य.

सोशल मीडिया कशासाठी, याचं उत्तर फेसबुकनं स्वतःच देऊन ठेवलंय. धंद्यांना पानं काढायला त्यांनीच २००७ मध्ये सांगितलं. लोकांनी पै-पैसा खर्चून पानं वाढवली. मग जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की यापुढं घरच्यांचं आणि मित्रांचं लिहिलेलं आधी दिसेल, धंद्यांचं कमी. ज्याला दिसायचं असेल त्याच्यासाठी जाहिरातीची खिडकी उघडीच होती. मला यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. जागा त्यांची, भाडं ते ठरवणार. पण ज्यांनी सगळा संसार तिथं मांडला, त्यांनी टिकटॉकवाल्यांना विचारावं. जून २०२० मध्ये एका रात्रीत बंदी आली आणि लाखो लोकांनी जमवलेले बघे गेले.

काका, तुमचं 'शोधत येते' हेही मला भाबडं वाटतं. शोधणारा 'लोखंडी कूलर उत्पादक' असं लिहीत नाही. तो लिहितो, 'कूलरच्या पाण्याला वास येतो काय करू'. त्याचं उत्तर साइटवर असेल तर तो येईल. माझ्याकडं कोणी साइट मागायला आलं की मी आधी विचारते, गिऱ्हाईक फोनवर तुम्हाला काय काय विचारतं? तेच आधी लिहून आणा. आणि हाच प्रश्न कोणी सोसायटीच्या ग्रुपवर विचारला तर तिथंच दोन ओळींत पूर्ण उत्तर द्या: टाकी रिकामी करा, धुवा, ताटी उन्हात कडक वाळवा, शेवाळ धरलं असेल तर बदला. लिंक नका देऊ. कोणीतरी स्वतःच विचारतो, 'भाऊ, तुमचं दुकान कुठं?' त्या वेळी द्या.

बर्डीवाला

ताई बरोबर बोलून राहिल्या. मी पैसे घालून पाहिले. एकानं दहा हजार फॉलोअर आणून दिले. नागपूरचा एक नाही, नावं वाचता येत नाही. माझं रेडीमेडचं दुकान, त्यांच्या मापाचे शर्ट मी कुठून आणू?

संत्रा, काटोल

माझा अनुभव दोघांहून वेगळा. मृगाचा माल निघाला की पुण्यातल्या तीन सोसायट्यांचे ग्रुप आहेत, तिथं भाव टाकतो, पेट्या जातात. साइटचं नाव कोणी काढत नव्हतं.

दोन वर्षांमागं माझ्याच बगिच्याचे फोटो उचलून कोणीतरी 'नागपुरी संत्रा घरपोच' म्हणून ॲडव्हान्स घेतला. फोटो माझे, झाडं माझी, पैसे त्याचे. लोक मला फोन करून शिव्या देत होते. मी खरा हे दाखवू कुठं? ग्रुपवर तोही बोलतो, मीही बोलतो, दोघं सारखेच दिसतो. तेव्हा भाच्यानं एका पानाची साइट करून दिली. आमचं गाव, माझा फोन, पैसे कोणत्या नावानं मागतो आणि कसे मागत नाही, एवढंच. त्या पानामुळं एक पेटी जास्त विकली गेली नाही. पण आता कोणी विचारलं की मी ते पान दाखवतो. कळमन्याला अडत्याकडं माल टाकला तर हे काही लागत नाही, तो तोंड पाहून ओळखतो. अनोळखी माणूस काय पाहील?

कुरडई आणि सांडगे

दादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. तुमच्यासारख्यांना साइट लागते, हे मान्य.

पण आयटी पार्कच्या ताईंना एक सांगते. दुसऱ्याच्या जागेचा भरवसा नाही म्हणता ना? ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही बंद पडलं, सहा-एक तास. नवरात्र तीन दिवसांवर होतं, माझ्या उपवासाच्या भाजणीच्या ऑर्डरी अडकल्या. काय केलं? डायरी काढली आणि फोन लावले. माझ्या सगळ्या बायकांचे नंबर, पत्ते, कोणाला तिखट सांडगे लागतात, कोणाच्या सासूला दात नाहीत, सगळं डायरीत आहे. तुम्ही साइट म्हणता, मी डायरी म्हणते. दुसऱ्याच्या जागेत राहायला भीती कशाची?

व्हॉट्सॲपवर एकदम सगळ्यांना निरोप धाडायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी माझा नंबर सेव्ह केला त्यांनाच निरोप जातो. रीलवाले याला अडचण म्हणतील. मला ती चाळणी वाटते. जिनं माझा नंबर ठेवलाय तिलाच मी बोलते.

परसोडी आयटी पार्क

डायरीला माझ्याकडं उत्तर नाही. फक्त ती डायरी तुमच्या पाचशे गिऱ्हाइकांपर्यंत पुरेल, पाच हजारांना पुरणार नाही.

कुरडई आणि सांडगे

पाच हजार जणींच्या कुरडया करायला गच्ची कोणाची आणू?

परसोडी आयटी पार्क

एक राहिलंच. दुसऱ्याच्या जागेचा भरवसा नाही, हे फुकटच्या साइटलाही लागू. गूगल दुकानदारांना जी फुकट साइट करून देत होतं, ती मार्च २०२४ मध्ये त्यांनी बंद केली. म्हणून साइटचं नाव, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या खात्यावर घ्या. बनवून देणाऱ्याच्या नावावर तर अजिबात नको. असे दोघे माझ्याकडं आले, आधीचा माणूस फोन उचलेना आणि नाव त्याच्याच खात्यात.

नंदनवनचा रीलवाला

आणि नकाशावर पाच चांदण्या दिल्या तर दोनशे रुपये सूट, असा बोर्ड लावा काका. सगळे करतात.

परसोडी आयटी पार्क

करतात, आणि ते गूगलच्या नियमांत बसत नाही. कोणी तक्रार केली तर ते अभिप्राय काढले जाऊ शकतात. शिवाय काकांना चांदण्या कशाला? साडूलासुद्धा त्यांनी विकत दिलाय.

ताटीवाल्याचा पोरगा

मी तोच. आजोबा गेलेल्या निरोपाची चूक माझी. त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो, हे बाबांनी लिहिलं नाही.

हेही लिहिलं नाही की रोज पहाटे पाच वाजता बाबा स्वतः चाळीस ग्रुपांवर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवतात. फुलाच्या खाली बारीक अक्षरात दुकानाचा फोन नंबर असतो. ते चित्र मीच बनवून देतो. आता कट्टा कोणी खराब केला ते तुम्हीच सांगा.

वाळ्याची ताटी

ते वेगळं आहे. त्यात सुविचार असतो.

बर्डीवाला

इडा पिडा घेऊन जा गे मारबत!

संत्रा, काटोल

काका, तुमच्या फुलाच्या नंबरवरून कोणी कूलर घेतला का कधी? खरं सांगा.

वाळ्याची ताटी

वही काढून पाहिली. 'कुठून कळलं' असं मी दर गिऱ्हाइकाला विचारतो, वडिलांची सवय. शेजाऱ्यानं सांगितलं, शेजाऱ्यानं सांगितलं, रस्त्यावरून पाहिलं, शेजाऱ्यानं सांगितलं. फुलावरून दोन. साइट वाचून आलेले नऊ, आणि ते नऊ जण कूलर न पाहता भाव आधीच वाचून आले होते, घासाघीस कोणी केली नाही. हे मला आजच दिसलं.

पण माझं मत मी बदललं असं कोणी समजू नका. खवय्यांच्या ग्रुपवर कूलर दिसला तर मीच ॲडमिनला सांगेन.

कुरडई आणि सांडगे

फुलं तेवढी बंद करा काका, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येतात.

आणि वास मारणाऱ्या ताटीचं ते उत्तर खरंच साइटवर असेल तर मला सांगा, आमचा कूलर गच्चीवर मागच्या जूनपासून तसाच पडला आहे. आज उद्या नको. तीन दिवसांपूर्वी गहू भिजत घातले होते, सकाळी चीक काढायचा आहे, आणि ऊन आत्ता कुठं पाहिजे तसं पडायला लागलंय.