मदत हवी आहे: फिलॉसॉफी-पॉलिटिक्स-इकॉनॉमिक्स-लॉ ही डिग्री केली तर वकील होता येतं का?

नेरची मुलगी
लवकर सांगा, फी भरायची तारीख जवळ आली आहे. माझं सिलेक्शन झालंय. चार वर्षांची डिग्री आहे, फिलॉसॉफी, पॉलिटिक्स, इकॉनॉमिक्स आणि लॉ चारही एकत्र. मला घ्यायचीच आहे. बाबा म्हणतात, "नावात लॉ हाय, मंग वकील होशीन ना?" मामा म्हणतो, असल्या डिग्रीला कुत्रं विचारत नाही. मला एवढंच सांगा, यावर सनद (वकिलीचा परवाना) मिळते का? आणि मामाला काय सांगू? गूगल कर म्हणू नका, करूनच आले आहे.

वकील_अचलपूर
कोणतं विद्यापीठ? सरकारी की खाजगी? ऑफर लेटरवर बी.ए. लिहिलंय की बी.ए. एलएल.बी.? बारावीला किती? सीईटी दिली का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

सरळसेवा_वाशीम
ताई, ह्या भानगडीत पडूच नको. मुक्त विद्यापीठातून साधं बी.ए. कर अन् पहिल्या वर्षापासून एमपीएससीचा अभ्यास लाव. माझ्या रूमवरचे दोघं असेच लागले. चार विषय एकत्र म्हणजे एकही धड नाही.

नेरची मुलगी
दादा, मी एमपीएससीचं विचारलंच नाही.
वकील साहेब, बी.ए. ऑनर्स लिहिलंय. पुण्याकडचं खाजगी विद्यापीठ आहे, नाव इथे नको. आता सांगा, हो की नाही?

वकील_अचलपूर
नाही. सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली एलएल.बी. लागते. ती एकतर बारावीनंतर पाच वर्षांची, नाहीतर कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांची. बी.ए. ऑनर्समध्ये कायद्याचे कितीही पेपर असले तरी त्यावर सनद नाही. एलएल.बी. झाल्यावर बार कौन्सिलची परीक्षा वेगळी. बाबांना आजच सांग, नंतर गैरसमज नको.
म्हणजे तुझा हिशोब चार अधिक तीन, सात वर्षं. पाच वर्षांच्या कोर्सने गेलीस तर दोन वर्षं वाचतात. विद्यापीठाला मेल करून लेखी विचार की तीन वर्षांनी बाहेर पडलं तर पूर्ण बी.ए. पदवी देता का. नव्या शैक्षणिक धोरणात तशी सोय आहे. मग ते सहावर येतं. फोनवर विचारू नकोस, फोनवर सगळे हो म्हणतात.

मास्तर_दर्यापूर
बेटा, वकील साहेबांनी फक्त वर्षं मोजली. मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलं. हे विषय एकमेकांपासून तोडूनच आपण मुलांचं नुकसान केलं. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र एकत्र शिकवायला १९२० च्या सुमारास सुरुवात झाली, म्हणजे कल्पना नवी नाही. आणि लांब कशाला जाता? आपले भाऊसाहेब, पंजाबराव देशमुख, पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा. बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहिला, संविधान सभेत बसले, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. बाबासाहेबांकडे पहा. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ, बॅरिस्टरी, राज्यघटना आणि धर्मचिंतन एकाच माणसाच्या हातून. त्यांना कोणी विचारलं का, की तुमचा एक विषय कोणता?

सरळसेवा_वाशीम
सर, आदर आहे, पण बाबासाहेबांचं उदाहरण देऊन बारावीच्या पोरीला कर्जात ढकलू नका. तुमची पेन्शन सुरू आहे. इथे बापाच्या कपाशीवर घर चालतं.

मास्तर_दर्यापूर
कर्जात ढकलतो असं मी कुठे म्हणालो? विषय चांगला आहे एवढं म्हणालो. तुमच्या एमपीएससीत वर्षानुवर्षं घासलेली मुलं माझ्याकडे येऊन रडतात, त्यांचा हिशोब कोण करणार?

पैनगंगाकाठ
भाऊ, भांडू नका. पोरीले होस्टेलचं सांगा. पुण्यात मेसचं जेवन आपल्याले जमत नाई, सगळ्यात गूळ. माह्या भाचीनं घरून ठेसा अन् जवसाची चटनी नेली तवा महिना निघाला. रूम घ्याची असन तं पोरींसोबतच घेजो, एकटी राहू नको.

नेरची मुलगी
काकू, होस्टेलचं नंतर पाहू, आधी घ्यायचं की नाही ते ठरू द्या.

बांबू_धानोरा
ताई, तुला हाच कोर्स का हवा आहे? ते तू लिहिलंच नाहीस. वकील व्हायचं आहे की हे विषय शिकायचे आहेत?

नेरची मुलगी
दोन्ही. सांगते, पण थोडं लांब होईल.
२०२४ च्या खरिपात आमच्या नाल्याकाठच्या वावरात पाणी साचलं, कपाशी पिवळी पडली. तेव्हा पीक विम्यात नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागायचं. ॲपवर फोटो चढेना, कारण वावरात टॉवर नाही. मी टाकीच्या पायऱ्यांवर चढून बसले, ते गोल फिरतच राहिलं. टोल फ्री नंबर लागेना. तक्रार नोंदली गेली तेव्हा मुदत उलटली होती. कंपनीने "विलंबाने सूचना" एवढे दोन शब्द लिहून दावा नाकारला. बाबा गप्प बसले. मी योजनेच्या मार्गदर्शक सूचना डाउनलोड करून वाचल्या, इंग्रजीत होत्या, डिक्शनरी घेऊन वाचल्या. ७२ च का? उत्पादनाचा अंदाज महसूल मंडळावर, म्हणजे अनेक गावांचा मिळून एकच, काढतात, मग मंडळाच्या एका टोकाला पाणी साचलं आणि दुसरं कोरडं राहिलं तर काय? २०२३ ला एक रुपयात विमा आला आणि २०२५ ला बंद झाला, ते कोणी ठरवलं? आणि ज्याच्या वावरात टॉवर नाही त्याला टॉवरवाल्याचाच नियम लावणं न्याय्य आहे का? यातला एक प्रश्न कायद्याचा, एक अर्थशास्त्राचा, एक राजकारणाचा, आणि शेवटचा मला वाटतं तत्त्वज्ञानाचा. कोर्सची माहिती वाचली तेव्हा वाटलं, हेच. म्हणून घ्यायचा आहे.

बांबू_धानोरा
मग तू बरोबर जागी पोचली आहेस. आमच्याकडचं, गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गाव तुला माहीत असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. २००६ चा वनहक्क कायदा आला, २००९ ला गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडात धरलेला होता, आणि गावाचं म्हणणं की वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातलं उत्पन्न) आहे, म्हणजे आमचा. २०११ ला ग्रामसभेच्या हातात परवाना पुस्तक आलं. वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळायला २०१७ उजाडलं. एका बांबूत मालकी, बाजार, सत्ता आणि न्याय सगळं आलं.

सरळसेवा_वाशीम
पण मेंढ्याच्या लोकांनी कोणती डिग्री केली होती? त्यांनी गावात अभ्यासगट चालवला. हे घरी बसूनही होतं, मी तेच सांगतोय.

बांबू_धानोरा
अभ्यासगट चालवला हे खरं. वर्षानुवर्षं चालवला, बाहेरून जाणकार बोलावून चालवला. नेरच्या मुलीला असा गट गावात कोण देणार? तिला तो कॉलेजात मिळत असेल तर मिळू द्या.

वकील_अचलपूर
विषय आवडतो हे कळलं, छान आहे, मनापासून सांगतो. पण अजून फी, प्रवर्ग, उत्पन्न आणि सीईटी यातलं काहीच लिहिलं नाहीस. निर्णय तिथेच होणार आहे.

नेरची मुलगी
ओबीसी. उत्पन्न आठ लाखांच्या खूप खाली. बारावी कला, ७८ टक्के. पाच वर्षांची लॉ सीईटी दिली आहे, मराठीतून, ८१ पर्सेंटाइल. फी साडेतीन लाख, वर्षाला. होस्टेल वेगळं.

वकील_अचलपूर
अगं बाई, हे आधी लिहायचं होतं!
नीट वाच. जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून (कॅप) असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे तुझ्या पुण्याच्या कोर्सला ही माफी नाही, आणि अमरावती किंवा नागपूरच्या कॉलेजात कॅप राउंडमधून पाच वर्षांच्या लॉला लागलीस तर आहे. एकीकडे चार वर्षांत चौदा लाख अधिक होस्टेल आणि सनद नाही. दुसरीकडे फी माफ आणि सनदेचा रस्ता मोकळा.
पाच वर्षांच्या कोर्सला पहिली वर्षं राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असतंच.

मास्तर_दर्यापूर
फीचा मुद्दा मान्य. पण तत्त्वज्ञान? विधिशास्त्राचा एक पेपर आला म्हणजे तत्त्वज्ञान झालं का? तिचा शेवटचा प्रश्न तिथे कोण सोडवणार?

वकील_अचलपूर
सर, ते तुम्ही सोडवा ना. तुम्ही दर्यापूरला, ती अमरावतीला, रविवारी येईल तुमच्याकडे. आपण दोघं मिळून पुस्तकं देऊ.

मास्तर_दर्यापूर
आनंदाने. बेटा, माझ्याकडे मराठीतली पुष्कळ आहेत, इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस.

पैनगंगाकाठ
अमरावतीले असशीन तं डबा पोचते. नेरहून येस्टी हाय.

सरळसेवा_वाशीम
विद्यापीठाची स्वतःची स्कॉलरशिप असते का तेही विचारा. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, अल्पभूधारकाच्या मुलांना, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पहा. माझं मत कायम आहे, पण फी माफ होत असेल तर लॉ वाईट नाही.

नेरची मुलगी
स्कॉलरशिपचा अर्ज केला आहे, उत्तर नाही आलं. आज मेल करते: स्कॉलरशिप किती, आणि तीन वर्षांत पदवी मिळते का. पूर्ण फी माफ करत असतील तरच पुणे. नाहीतर कॅप राउंडला अमरावती पहिली, नागपूर दुसरी. मला हे चारही विषय सोडायचे नाहीत, कुठेही गेले तरी. मास्तर काका, पहिलं पुस्तक आत्ताच सुचवा.
मामाला काय सांगू ते मात्र कोणीच नाही सांगितलं.

बांबू_धानोरा
मामाला विमा कंपनीचं ते नकाराचं पत्र दाखव आणि म्हण, याला उत्तर लिहायला शिकायला चालले. आणि मामाकडेही तसंच नकाराचं पत्र असेल तर आधी त्याचं उत्तर लिही.

वकील_अचलपूर
मामा राहू दे. जात वैधता आणि नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र आहे का? नसेल तर उद्या सकाळी सेतू केंद्रात जा. राउंड कागदासाठी थांबत नाही.

नेरची मुलगी
वैधता आहे. नॉन क्रिमिलेअर मागच्या वर्षाचं आहे, ते चालतं का?

वकील_अचलपूर
त्यावर मुदत लिहिलेली असते. किती तारखेपर्यंत वैध आहे ते पाहून इथे लिही.