पाण्यातली पिगमेंट शाई (सायन) चार दिवसांत घट्ट होते, नोझल चेकच्या रेघा तुटतात

शाईघर
पिझो हेडच्या (विजेच्या झटक्याने शाईचा थेंब ढकलणाऱ्या) डेस्कटॉप प्रिंटरसाठी सायन बनवतोय. १ किलोचं माप असं: पिगमेंट ब्लू १५:३ चं तयार डिस्पर्शन (पाण्यात बारीक कणांनी पसरवलेलं रंगद्रव्य, प्रमाण १५ टक्के) २०० ग्रॅम, ग्लिसरीन १५०, डायएथिलीन ग्लायकॉल ५०, ट्रायएथिलीन ग्लायकॉल मोनोब्युटिल इथर ५०, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ३०, सरफॅक्टंट (पृष्ठताण कमी करणारा पदार्थ) १०, आरओचं पाणी ५१०. आधी डिस्पर्शन, त्यावर ग्लिसरीन, ग्लायकॉल, इथर, आयपीए आणि शेवटी पाणी. १ मायक्रॉनमधून गाळतो. ताज्या शाईची जाडी ३.४ सेंटिपॉइज, चौथ्या दिवशी ४.९. पीएच ७.३. बाटलीच्या तळाशी गाळ दिसतो आणि वीसेक पानांनंतर नोझल चेकमधल्या (नोझल चालू आहेत का ते दाखवणाऱ्या चाचणीच्या छपाईतल्या) रेघा तुटतात. डिस्पर्शनच खराब आलंय का?

कणकण
डिस्पर्शनवर ठपका ठेवण्याआधी घालण्याचा क्रम बघा. रंगद्रव्याच्या कणाला पॉलिमरचा पाणी टाळणारा भाग धरून असतो, आणि बाहेर पाण्यात राहिलेल्या त्याच्या कार्बोक्झिल टोकांवरच्या ऋण भारामुळे कण एकमेकांना दूर ठेवतात. तुम्ही घट्ट डिस्पर्शनवर नुसतं इथर आणि आयपीए ओतताय. जिथे धार पडते तिथे पॉलिमर कणावरून सुटतो आणि उघडे पडलेले कण एकमेकांना चिकटतात. नंतर कितीही पाणी घाला, ती गुठळी सुटत नाही. अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवलं तर थोडा वेळ मोकळी होते, दोन दिवसांत परत तेच.

पीएच ७.३ ही दुसरी चूक. कार्बोक्झिलचा भार तिथे कमी होत जातो, ८.५ च्या आसपास हवा. आणि आरओच्या पाण्यात कॅल्शियम उरतंच, मूळ पाणी बोअरचं असेल तर जास्तच. कॅल्शियमचा एक आयन दोन कार्बोक्झिल बांधून टाकतो. डीआयनाइज्ड (क्षारांचे आयन काढलेलं) पाणीच घ्या, कंडक्टिव्हिटी ५ मायक्रोसीमेन्सच्या खाली, आणि मीटरवर स्वतः बघून.

असं करा. ३ ग्रॅम ट्रायएथनॉलअमाइन (पीएच वाढवणारी अल्कली) ५९५ ग्रॅम पाण्यात विरघळवा. त्यातलं १५० ग्रॅम पाणी डिस्पर्शनमध्ये घालून ते आधी पातळ करा. उरलेल्या पाण्यात ग्लिसरीन १२०, डायएथिलीन ग्लायकॉल ५०, इथर २५, अ‍ॅसिटिलेनिक डायॉल जातीचा सरफॅक्टंट ५ आणि २० टक्क्यांचं बीआयटी बायोसाइड (बुरशी-जंतू रोखणारं) १.५ ग्रॅम वेगळं एकजीव करा. मग हे मिश्रण बारीक धारेने, अर्ध्या तासात, डिस्पर्शनमध्ये सोडा. ढवळणं २०० ते ३०० आरपीएम, मध्ये भोवरा पडू द्यायचा नाही, नाहीतर हवा आत जाते. शेवटी पीएच मोजा, ८.५ च्या आसपास हवा. आयपीए पूर्ण काढा: पृष्ठताण सरफॅक्टंटनेच उतरतो, आणि आयपीए नोझलच्या तोंडाशी सगळ्यात आधी उडतं.

गाळणी
वरच्याशी सहमत, एका गोष्टीत वेगळं म्हणेन. ग्लिसरीन १२० वर पक्कं करू नका. मे महिन्यात विदर्भातल्या कोरड्या हवेत नोझलवर शाई सुकते, तिथे १५० सुद्धा चालेल. पावसाळ्यात मुंबईत तेवढ्यानेच कागदावर बोट लावलं की रंग येतो. जाडी ३ ते ४ सेंटिपॉइजमध्ये राहील एवढं बघा.

आणि लगेच गाळू नका. शाई एक दिवस झाकून ठेवा, ज्या गुठळ्या व्हायच्या त्या होऊ द्या, मग ५, १ आणि शेवटी ०.४५ मायक्रॉन. कण साधारण १०० नॅनोमीटरचे असतात, तेव्हा चांगली शाई ०.४५ मधून निवांत उतरते. फिल्टर चोंदला तर दाब वाढवून ढकलू नका, कृती चुकलीय हे तो तुम्हाला सांगतोय.

डिस्पर्शन तपासायचं असेल तर ते अल्कली केलेल्या पाण्यात पाचपट पातळ करून एक थेंब फिल्टर पेपरवर टाका. शेजारी तुमच्या शाईचा थेंब. चांगला थेंब कडेपर्यंत एकसारखा निळा पसरतो. गुठळ्या असतील तर मध्ये गडद ठिपका राहतो आणि बाहेर फिकट पाण्याचं कडं. पाच मिनिटांचं काम आहे. नवी शाई मात्र घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ६० अंशांवर ७ दिवस ठेवा. जाडी १० टक्क्यांहून जास्त बदलली तर ती प्रिंटरमध्ये घालायची नाही.

शाईघर
थेंब टाकून बघितले. डिस्पर्शनचा एकसारखा पसरला, माझ्या शाईच्या थेंबात मध्ये जवळजवळ काळा ठिपका आणि भोवती फिकट कडं. म्हणजे बिघाड माझ्याच मिसळण्यात आहे. नवी बॅच भरण्याआधी ट्यूब आयपीएने धुऊ का?

कणकण
अजिबात नको. ट्यूब आणि डॅम्परमध्ये (हेडच्या आधीची जाळी असलेली छोटी डबी) उरलेली शाई आयपीए लागताच तिथेच फाटेल आणि गाळ हेडकडे जाईल. रंगद्रव्य सोडून बाकी तेच मिश्रण, पीएच ८.५, २०० ग्रॅम जास्त बनवा आणि त्यानेच धुवा. बाहेर येणारं पाणी फिकट निळं झालं की थांबा. डॅम्परच्या जाळीवर गाळ बसला असेल तर डॅम्पर बदला, तो धुऊन निघत नाही. नवी शाई भरण्याआधी व्हॅक्यूमखाली अर्धा तास ठेवून हवा काढा आणि नंतर बाटली हलवू नका.